फुईचं बी

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात काहीतरी मेल्याचा वास येतो. दरवर्षी. ओट्याच्या कोपऱ्यात लोणच्याची जुनी काचेची बरणी असते, तिच्या तोंडावर फडका बांधलेला, आणि आत टोमॅटोचा गर आपला आपण नासत असतो. पहिल्या वर्षी ह्यांनी सिलिंडरमागे उंदीर शोधला होता. आता शोधत नाहीत. चहाचा कप उचलून पुढच्या खोलीत जातात.

बी धरायचं तर हा वास सोसावा लागतो. टोमॅटो चिरला की प्रत्येक बी एका बुळबुळीत पिशवीत बसलेलं दिसतं. त्या पिशवीत बीला उगवू न देणारी द्रव्यं असतात, नाहीतर ओल्या, उबदार फळाच्या पोटातच बियांना मोड आले असते. रानात गळून पडलेलं फळ कुजतं, पिशवी सडते आणि बी मोकळं होतं. आपण तेच बरणीत करतो. गर आणि बिया काढायच्या, थोडं पाणी घालायचं आणि दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. वर पांढुरकी साय धरते, बुडबुडे येतात. मग भरपूर पाणी ओतून ढवळलं की पोकळ बिया आणि चोथा वर तरंगतो, भरीव बिया तळाशी बसतात. वरचं ओतून द्यायचं, पुन्हा पाणी घालायचं, पुन्हा ओतायचं, तांदूळ धुतो तसं. व्हिडिओत सगळे तीन दिवस सांगतात, पण ती थंड मुलखातली माणसं. धुळ्यात मार्चच्या मध्यावर तीन दिवस ठेवलं तर बरणीतच मोड येतात. माझे एकदा आले. मटकीला येतात तसे, पांढरेशुभ्र. टाकवेनात म्हणून कुंडीत पेरले आणि एप्रिलच्या उन्हात आठ दिवसांत सगळे करपून गेले.

मी शेतकरी नाही. धुळ्यातल्या देवपुरात घर आहे, घरामागे बारा बाय वीस फुटांचा तुकडा आहे, आणि त्यात बांधकामाच्या वेळचा मुरूम, विटांचे तुकडे नि खाली आपली काळी माती. पावसाळ्यात चप्पल ओढून घेणारी, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. सहा वर्षांपूर्वी लेक हॉस्टेलला गेला आणि संध्याकाळ एकदम मोठी झाली. तेव्हा मी ऑनलाइन बियांची पाकिटं मागवली. मिरची, वांगी नाही, टोमॅटो. त्यातही ‘हेअरलूम’. नावंच अशी होती की हात थांबेना: ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम, मॉर्गेज लिफ्टर. एका पाकिटात दहा-बारा बिया आणि किंमत अशी की तेवढ्यात आमच्या बाजारात दोन आठवड्यांचे टोमॅटो आले असते. ती किंमत मी घरात अजून सांगितलेली नाही.

हेअरलूम म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घरात धरून ठेवलेलं बी. त्याचं बी पेरलं की आईसारखंच झाड येतं. बाजारातल्या संकरित टोमॅटोचं तसं नसतं. दोन वेगळे वाण एकमेकांशी लावून पहिल्या पिढीचं बी विकतात. ते शेतात एकसारखं, जोमानं येतं, पण त्याच्या फळांतलं बी पेरलं की घर फुटल्यासारखं होतं, एकेक भाऊ एकेका दिशेला. मी हे करून पाहिलं आहे. भाजीतल्या एका कडक, लांबट टोमॅटोच्या बिया टाकल्या. सहा झाडं आली, आणि नाना तऱ्हा. एक लांबट, दोन गोल, एकाचं फळ लिंबाएवढं, एकाला मार्चपर्यंत फूलच नाही. सहावं बरं होतं, ते गाईनं खाल्लं.

मॉर्गेज लिफ्टरची गोष्ट तर खास आपल्याकडच्या माणसानं ऐकावी अशी. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या लोगन गावी एम. सी. बाइल्स नावाचा माणूस होता, गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचा. 1930च्या मंदीनंतरच्या दिवसांत त्यानं मोठ्या फळांची टोमॅटोची झाडं गोलात लावली, मधोमध सगळ्यात चांगलं झाड ठेवलं, आणि बाजूच्या झाडांचा पराग पिचकारीनं मधल्या झाडाच्या फुलांना दिला. दरवर्षी त्यातलंच उत्तम निवडत गेला. मग एक रोप एका डॉलरला विकायला लागला. सहा वर्षांत घरावरचं 6,000 डॉलरचं कर्ज फिटलं, म्हणून टोमॅटोचं नाव पडलं ‘कर्जफेड्या’. हे मी आमच्या दूधवाल्या भाऊंना सांगितलं. त्यांची शिंदखेड्याकडे कपाशी आहे. ते म्हणाले, “ताई, एक रोप मले द्या.” आणि हसलेसुद्धा नाहीत.

कर्जफेड्या उगवलाच नाही. बाकीचे उगवले, पण मी पेरले होते जानेवारीत. पाकिटं जानेवारीत आली, आणि आलेलं पाकीट सप्टेंबरपर्यंत कपाटात ठेवायला जो संयम लागतो तो माझ्याकडे नव्हता. झाडं मात्र झकास वाढली. मार्चअखेर कमरेएवढी झाली, पिवळ्या फुलांचे घोस आले. मी फोटो काढून लेकाला पाठवले. एप्रिल लागला आणि रोज सकाळी झाडाखाली फुलांचा सडा पडायला लागला. देठाला मध्ये एक गाठ असते, तिथून फूल अलगद सुटतं, हाताला साधा ओढाही लागत नाही. मी पाणी वाढवलं, शेणखत दिलं, ताक शिंपडलं, शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून मिरच्याही बांधल्या. एक फळ धरलं नाही. दिवसाचा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्रीचा चोविशीच्या वर राहू लागला की टोमॅटोचा पराग निकामी होतो. फूल येतं, पण पोटाशी धरत नाही. धुळ्यातला एप्रिल म्हणजे चाळीस-बेचाळीस, रात्री बाराला गच्ची अजून तापलेली. झाडाचा काही दोष नव्हता.

थंडीचाही त्रास असतोच. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हाही फळ धरणं मंदावतं. म्हणजे परसातल्या टोमॅटोला खानदेशात एक चिंचोळी वाट आहे. नवरात्राच्या सुमारास पेरायचं, दिवाळीच्या आसपास रोपं लावायची, थंडी कडक व्हायच्या आत पहिले घोस धरले तर धरले, नाहीतर संक्रांतीनंतर धरतील. होळीपर्यंत काय मिळेल ते आपलं. हे गणित फुईला विचारलं असतं तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं. पण तेव्हा मी इंटरनेटला विचारत होते.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी तिचं सासर. तिथे अजून फडाचं पाणी आहे. नदीवर जुना दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, आणि पाटाखालची गावाची जमीन फडांमध्ये वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी कुणाला कधी हे पाटकरी ठरवणार. आपलं वावर म्हणून मनाला येईल ते लावता येत नाही. पण पाटाची कड कुणाच्याच हिशेबात नसते. त्या हातभर रुंद कडेवर फुईचे टोमॅटो असायचे. सोबत चार मिरच्या, झेंडू आणि एखादं गिलक्याचं वेल.

माझी दुसऱ्या वर्षीची झाडं सप्टेंबरच्या पेरणीची, त्यामुळे काहीतरी हाती लागलं. ब्रँडीवाइनला तीन फळं आली. एकेक पाव किलोच्या वरचं, गुलाबी, वेडंवाकडं. खरं सांगते, चव अशी की मी ओट्याशी उभ्यानं मीठ लावून अख्खं फळ संपवलं आणि कुणाला हाकही मारली नाही. ब्लॅक क्रिमचा रंग चॉकलेटी आणि देठाकडे हिरवा, चवीला किंचित खारट. पण त्याची सगळी फळं देठाभोवती गोल गोल तडकली. आमच्या नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. त्या दिवशी मी हात सैल सोडून पाणी घालणार, मग चार दिवस माती कोरडी. फळाची साल त्या वेगानं ताणली जात नाही, फाटते. चेरोकी पर्पलची पानं जानेवारीतच वर वळली, बारीक झाली, शेंडा झाडूसारखा झाला. त्याला आमच्याकडे बोकड्या म्हणतात. पांढरी माशी हा विषाणू पसरवते, आणि आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर तिला लागेल ते सगळं तण आहे. तिन्ही झाडं उपटून टाकली. शिवाय घाटेअळी. हरभऱ्यात असते, कपाशीच्या बोंडात असते, तीच टोमॅटोत येते. बाहेर एक गोल भोक, आत सगळा खेळ.

त्या फेब्रुवारीत फुई डोळ्यांच्या तपासणीसाठी धुळ्याला आली. मी तिला मागे नेऊन माझी विलायती झाडं दाखवली. तिनं ब्लॅक क्रिमचं तडकलेलं फळ बोटांनी फिरवून पाहिलं.

“हाई सडेल शे का?”

“नाही फुई, याचा रंगच असा असतो.”

“बरं,” ती म्हणाली. एवढंच.

पुढच्या खेपेला तिनं रुमालाच्या गाठीत बी आणलं. राखेत घोळवलेलं, करड्या रंगाचं, राख कुठली नि बी कुठलं ते कळू नये असं. राखेनं ओल ओढली जाते, कीडही लागत नाही, हे मी नंतर वाचलं. ती बी डब्यात ठेवायची, डबा चुलीवरच्या फळीवर. सून आल्यावर घरात गॅस आला, पण चूल काढू दिली नाही, त्यामागचं एक कारण हा डबा असावा असं मला वाटतं.

तिचे टोमॅटो दिसायला अगदीच साधे. चपटे, कडेनं खाचा पडलेले, देठाकडे पिवळसर, साल पातळ. बाजारात नेले तर संध्याकाळपर्यंत पाटीच्या तळाचे चेंदून जातात. आंबट इतके की वरणात चिंच लागत नाही. पण चुलीवर भाजून लसूण, हिरवी मिरची नि शेंगदाण्याबरोबर वाटले की त्या चटणीपुढे ब्रँडीवाइन पाणचट लागतो. (भरितात मात्र नाही. भरितात टोमॅटो घालणारी माणसं मी पाहिली आहेत. ती इतर बाबतींत चांगली असतात.)

पहिल्याच वर्षी फुईच्या बारा झाडांनी आमच्या त्या मुरमाड मातीत ब्लॅक क्रिमला लाज वाटेल एवढी फळं दिली. फळं तडकली, पण कमी. बोकड्या आला, पण दोनच झाडांवर. चार-पाच दिवसांच्या पाण्यावर टिकलं. मी हरखून गेले. हेच खरं गावरान, हीच आपली वंशपरंपरा, आपण उगाच अमेरिकेच्या पाकिटांमागे धावलो, वगैरे. मी ते फुईला फोनवर म्हणालेसुद्धा. तुमच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं बी, असं काहीतरी.

“ना गं माय,” फुई म्हणाली. “ते सरकारी बी व्हतं.”

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी ग्रामसेवकानं बायकांना परसबागेसाठी बियांची पाकिटं वाटली होती. भेंडी, पालक, टोमॅटो. पालक शेळीनं खाल्ला. टोमॅटोचं बी तिनं धरलं, आणि तेव्हापासून धरतेच आहे. तिच्या सासूच्या घरात टोमॅटो शिजतच नव्हता.

मला जरा फसवल्यासारखं झालं. कुणी फसवलं ते सांगता येईना. मग मी जुने वाण शोधत बसले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेला ‘पुसा रुबी’ नावाचा वाण आहे: फळ चपटं, थोड्या खाचांचं, देठाकडे पिवळसर, आंबट, साल पातळ. फुईच्या पाटीचंच वर्णन. तोच असेल असं मी शपथेवर सांगणार नाही, पण मला वाटतं तोच. आणि पुसा रुबी कसा झाला? ‘इम्प्रूव्ह्ड मेरुती’ आणि ‘सू’ या दोन वाणांच्या संकरातून, पुढे निवड करत करत स्थिर केलेला. त्यातला सू अमेरिकेतला. म्हणजे फुईच्या राखेतल्या बीची एक आजी माझ्या पाकिटांच्या गावचीच निघाली.

तशी ही सगळी भाजीच परगावची. टोमॅटो दक्षिण अमेरिकेतून मेक्सिकोत गेला, तिथे लोकांनी त्याला माणसाळवलं, मग युरोप, मग जहाजातून इकडे. त्याला आपल्याकडे वेलवांगी म्हणायचे, विदर्भातल्या माझ्या जावेच्या माहेरी भेदरं म्हणतात. मिरचीही तिकडचीच. शेंगदाणाही. खानदेशातला अस्सल गावरान ठेचा म्हणून आपण पाहुण्यांपुढे जो ठेवतो त्यातलं मीठ, लसूण आणि पाटा काढला तर उरलेलं सगळं समुद्रापलीकडून आलेलं. त्यातल्या त्यात वांगं तेवढं आपलं, याच मातीतलं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. टोमॅटो आणि वांगं एकाच कुळातले, पण एक घरचा, एक घरजावई.

मग गावरान कशाला म्हणायचं? मी फुईला विचारलं नाही, तिला असले प्रश्न आवडत नाहीत. पण ती बी कसं धरते ते मी पाहिलं आहे, एका जानेवारीत तिच्याकडे चार दिवस राहिले तेव्हा. पाटाच्या कडेची झाडं ती रोज बघायची. एका झाडाला तिनं लाल चिंधी बांधली होती. त्याची फळं सगळ्यात मोठी नव्हती. मी विचारलं, हेच का? तर म्हणे पाटाला पाणी नव्हतं त्या पंधरा दिवसांत याची मान पडली नाही. त्या झाडाचं दुसऱ्या घोसातलं एक भरदार, लालबुंद फळ मी तोडायला गेले तर तिनं हातावर चापट मारली.

“चांगलं फय खावानं नही. बी साठे ठेवानं.”

माझं वय तेव्हा त्रेपन्न.

चाळीस-पंचेचाळीस वर्षं, दरवर्षी एक चिंधी. दिल्लीहून निघालेलं बी तेवढ्या वेळात पांझरेच्या पाण्याला, त्या उन्हाला, तिच्या सुनेच्या विसरभोळेपणाला सरावलं असणार. कृषी खात्याच्या पाकिटात जे होतं ते आता तिच्या डब्यात नाही. चेरोकी पर्पलचीही गोष्ट काही वेगळी नाही. 1990 साली टेनेसीतल्या एका माणसानं क्रेग लेहुलिये नावाच्या बागवेड्या रसायनशास्त्रज्ञाला पोस्टानं बी पाठवलं, आणि त्यानं त्याला नाव दिलं. आधी ते नुसतं कुणाच्या तरी परसातलं जांभळट टोमॅटोचं बी होतं. फुईच्या बीला नाव नाही एवढाच फरक.

यातली गंमत आमच्या फुवांना, म्हणजे फुईच्या नवऱ्याला, कधी कळली नाही. त्यांचं सगळं लक्ष कपाशीत. त्यांच्या तरुणपणी सरकी घरची असायची, राखेत नि शेणात घोळवून पेरायची. मग संकरित आली, 2002 नंतर बीटी आली, आणि दर जूनला दुकानापुढे पाकिटासाठी रांग. आपलं बी धरणं, वाटणं, अदलाबदल करणं आणि छापील ब्रँडशिवाय विकणं हा शेतकऱ्याचा हक्क 2001च्या कायद्यात लिहिलेला आहे. पण पेरून उपयोगच नसेल तर हक्क नुसता कागदावर. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियांसाठी 2020 सालची पद्मश्री मिळाली, तेव्हा टीव्हीवर त्यांना पाहून फुवा म्हणाले होते, “हाई बाई पाकीट लेत नही.” यात कौतुक होतं की हेवा, सांगता येत नाही.

आता माझी पेरणी घटस्थापनेच्या दिवशी असते. देवघरात पत्रावळीवर माती घालून घटाभोवती गहू टाकले की उरलेली चाळलेली माती मी मागच्या दारी चहाच्या कागदी कपांत भरते. बी अर्ध्या नखाएवढं खोल, त्याहून जास्त नाही. माळ चढत जाते तसे देवाचे गहू वर येतात, आणि पाचव्या-सहाव्या माळेला टोमॅटोचा वाकलेला पांढरा मणका. या दिवसांत पाणी जास्त झालं की रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात. दोन वर्षं मी मायेनं मारली. रोप लावताना मात्र खोल लावायचं, खालची पानं काढून अर्धं खोड मातीत. टोमॅटोच्या खोडाला जिथे माती लागेल तिथे मुळं फुटतात, वांग्याला हे इतकं सहज जमत नाही. मध्ये मध्ये झेंडू. घाटेअळीचा पतंग अंडी घालायला झेंडूवर जातो, दसरा होऊन गेला तरी ती झाडं मी काढत नाही.

आणि भुंगा. काळा, जाडजूड, आमच्या जुन्या खिडकीच्या चौकटीला भोकं पाडणारा. मी त्याला हाकलायची. टोमॅटोच्या फुलात पराग एका बंद नळीत असतो, तो हलवल्याशिवाय बाहेर पडत नाही. वाऱ्यानंही काम भागतं, पण भुंगा फुलाला मिठी मारून अंग थरथरवतो आणि पराग पिठासारखा झडतो. साध्या मधमाशीला ते येत नाही. आता चौकटीला तो पाडेल तेवढी भोकं पाडू दे.

याच भुंग्यानं मला या वर्षी पेचात टाकलं आहे. टोमॅटो सहसा स्वतःचाच पराग घेतो. पण उन्हं तापली की कधी कधी फुलाचं टोक नळीच्या बाहेर डोकावतं, आणि शेजारच्याचा पराग त्याला लागू शकतो. माझ्या फुईच्या बारा झाडांत या वर्षी एक वेगळंच निघालं. उंच, उशिरानं फुललेलं. फळं मोठी, खाचा जवळजवळ नाहीत, देठाशी गडद हिरवा डाग. मागच्या वर्षी याच्या आईशेजारी ब्लॅक क्रिमचं एकुलतं झाड होतं, हट्टानं लावलेलं. हे जर त्यांचं पोर असेल तर याचं बी पेरल्यावर काय निघेल ते देवालाच माहीत. तपकिरी, लाल, खाचांचं, बिनखाचांचं, सगळं. फुईचं बी शुद्ध ठेवायचं तर झाड उपटायला हवं होतं, तेही फुलं यायच्या आधी.

रविवारी फुईला फोन लावला. सत्त्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं. मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं, ब्लॅक क्रिम, भुंगा, पराग. तिला किती पोचलं कोण जाणे. पलीकडून थोडा वेळ काहीच नाही, मग म्हणाली, “गोड शे का?”

मी खाल्लंच नव्हतं. पहिलं पिकलेलं फळ मी बीसाठी बाजूला ठेवलं होतं.

संध्याकाळी दुसरं पिकलेलं चिरलं. गोड आहे. फुईच्याइतकं आंबट नाही, पण मागून येतो तो आंबटपणा तिचाच. अर्धं ह्यांना दिलं, त्यांनी काही न बोलता आणखी एक मागितलं.

ओट्यावर आता दोन बरण्या आहेत. एकीवर चिकटपट्टी लावून ‘फुई’ लिहिलं आहे, दुसरीवरची चिकटपट्टी कोरी आहे. वास दुप्पट. ह्यांनी खुर्ची अंगणात नेली आहे.